बांबू त्यांचा, कागद कोणाचा?

राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बांबू उद्योग धोरणाला मंजुरी दिली. बांबूला 'हिरवे सोने' म्हणण्याची अलीकडे फॅशनच झाली आहे. त्यानंतर पुढच्याच महिन्यात, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. वर्तमानपत्रांनी या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या. एक शेती-उद्योगाच्या पानावर, दुसरी कामगारांच्या. पण ज्याने कागदाची गिरणी जवळून पाहिली आहे, त्याला या दोन बातम्या वेगळ्या वाटणार नाहीत. एक बातमी जंगलाकडच्या टोकाची आहे आणि दुसरी गिरणीच्या फाटकाकडची. मधे जे घडते त्याला उद्योगाच्या भाषेत 'एकात्मिक गिरणी' म्हणतात. या गिरणीत झाडाचा कणही वाया जात नाही. वाया जातो तो फक्त माणसाचा हक्क. तो कसा, हे समजून घ्यायचे असेल तर आधी गिरणी समजून घेतली पाहिजे.

आपल्या विदर्भातच याचे ठळक उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला थापर उद्योगसमूहाने उभी केलेली कागद गिरणी आहे. कंपनीची स्थापना १९४५ ची. शेजारी चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल, हाताशी नदी, जवळ कोळशाच्या खाणी आणि दारात रेल्वे. गिरणीला जे जे लागते ते सगळे तेथे होते. मजूर तर होतेच होते.

गिरणीत काय होते?

जंगलातून बांबू आणि लाकूड ट्रकने येते. लाकडाची साल काढतात. मग चिपर नावाचे यंत्र त्याचे दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचे तुकडे करते. हे तुकडे डायजेस्टर नावाच्या उंच बंद टाकीत जातात. तेथे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, सुमारे १६० ते १७० अंश तापमानावर, दाबाखाली ते काही तास शिजतात. लाकडात तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो या द्रावणात विरघळतो. तंतू सुटे होतात. तोच लगदा. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल डाल याने शोधली. तिला क्राफ्ट पद्धत म्हणतात.

कोरड्या लाकडाच्या वजनातून जेमतेम निम्मा लगदा मिळतो. म्हणजे एक टन लगद्याला दोन टनांहून अधिक कोरडे लाकूड लागते. मग उरलेले निम्मे कोठे जाते? ते काळ्या द्रवात उतरते. उद्योगात त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. हा द्रव आटवून दाट करतात आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात. लिग्निन जळते, त्याच्या उष्णतेवर वाफ होते, वाफेवर वीज होते आणि तीच वाफ पुढे कागद सुकवायला वापरली जाते. बॉयलरच्या तळाशी जी रसायने वितळून उरतात त्यांच्यावर चुन्याची प्रक्रिया केली की पुन्हा शिजवण्याचे द्रावण तयार होते. सालही बॉयलरमध्ये जाते.

लगदा धुऊन, ब्लीच करून, भरपूर पाण्यात कालवून जाळीवर सोडतात. त्या वेळी त्यात ९९ टक्के पाणी असते. जाळीवर पाणी गळते, दाबाच्या रुळांमध्ये आणखी निघते, तापलेल्या रुळांवर उरलेले वाळते आणि टोकाला कागदाचा अजस्र रूळ गुंडाळला जातो. ज्या गिरणीत लगदा आणि कागद एकाच आवारात होतो ती एकात्मिक गिरणी. जी गिरणी बाजारातून वाळलेला लगदा विकत आणते, तिला ही वीज आणि ही रसायने फुकट परत मिळत नाहीत. फिनलंड-स्वीडनमध्ये तर आणखी पुढची सोय आहे. जाड बुंधा करवतीखाली जातो, त्याच्या फळ्या होतात. कडेचे तुकडे लगद्याला जातात आणि भुसा-साल बॉयलरला. एक झाड आत येते आणि फळी, कागद, वीज असे सगळे होऊन बाहेर पडते.

तंत्रज्ञान म्हणून हे कौतुकास्पदच आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपली चळवळ कागदावर उभी राहिली. 'मूकनायक' १९२० साली कागदावरच निघाला. प्रश्न कागदाचा नाही. प्रश्न असा आहे की जी गिरणी रसायनाच्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवते, तिच्या हिशोबाच्या वहीत बांबू तोडणारा माणूस कोठे आहे?

कायद्याने गवताचे झाड केले

बांबू हे वनस्पतिशास्त्रानुसार गवत आहे. शाळेतल्या मुलालाही ते सांगता येईल. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २(७) मध्ये 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत ताड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत यांचा समावेश केला गेला. त्याच कायद्यात पडलेले किंवा तोडलेले झाड म्हणजे 'इमारती लाकूड'. या दोन व्याख्या एकत्र वाचा. बांबू तोडला की तो इमारती लाकूड झाला, आणि ते लाकूड सरकारच्या मालकीचे झाले! आदिवासीने घरासाठी आणलेला बांबू चोरीचा माल ठरला.

हे केवळ अज्ञानातून झाले काय? १९२७ च्या आधी, १९२५ साली, ब्रिटिश सरकारने बांबू कागद उद्योग संरक्षण कायदा केला होता. बांबूपासून चांगला लगदा होतो हे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील प्रयोगांनी तोवर सिद्ध झाले होते. बांबूवर जगणाऱ्या माणसांना संरक्षण देणारा कायदा मात्र तेव्हा कोणाला सुचला नाही. त्यासाठी २००६ साल उजाडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलायला हवे होते. ते बदलले नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील दांडेलीच्या कागद गिरणीला १९५८ पासून कर्नाटकच्या जंगलातील बांबू टनाला दीड रुपया या दराने मिळत होता. त्याच बांबूसाठी टोपल्या विणणाऱ्यांना बाजारात त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागत. १९७० च्या दशकात तेथील मेदार, म्हणजे तिकडचे बुरुड, तक्रार घेऊन सरकारकडे गेले की गिरणीमुळे आम्हाला बांबू उरला नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी त्याचा अभ्यास केला. गिरणीचे म्हणणे होते की गावकऱ्यांच्या गुरांनी बांबू संपवला. प्रत्यक्षात असे दिसले की बांबूच्या बेटाच्या बुडाशी जे काटेरी आच्छादन असते ते गिरणीची माणसे तोडणीच्या सोयीसाठी साफ करीत होती. काटे गेल्यावर कोवळे कोंब उघडे पडले आणि मग ते गुरांनी खाल्ले. आरोपी कोण आणि फिर्यादी कोण, हे ठरवायला केवढा अभ्यास करावा लागला पाहा! तोपर्यंत आरोप गरिबाच्या माथी होताच.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना सवलतीच्या दराने वनोपज देण्याची पद्धत बंद करावी असे स्पष्ट लिहिले. उद्योगांनी कच्चा माल शेतकऱ्यांकडून लागवड करून घ्यावा असेही म्हटले. त्यामुळेच आज गिरण्या निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांच्याकडे वळल्या आहेत. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण मोडले म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. बांबूची एक मोळी आणली म्हणून मात्र जाऊ शकत होता.

मेंढा गावाने काय केले?

२००६ च्या वनहक्क कायद्याने कलम २(झ) मध्ये, म्हणजे गौण वनोपजाच्या व्याख्येत, बांबूचे नाव घेतले आणि कलम ३(१)(ग) ने त्याच्या मालकीचा हक्क वनवासींना दिला. हक्क देणारे कलम ४(१) 'इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी' अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. म्हणजे १९२७ ची व्याख्या येथे चालणार नाही. कायदा इतका स्पष्ट असूनही वन खात्याचे मन बदलले नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव. कागद गिरणीला दिलेल्या बांबूच्या लीजला या गावाने पूर्वीपासून विरोध केला होता. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायला निघाल्यावर वन खाते वाहतूक परवाना देईना. कारण काय, तर बांबू म्हणजे झाड! मालकी तुमची, पण गावाबाहेर न्यायची नाही. असल्या मालकीला काय अर्थ? अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये सर्व मुख्यमंत्र्यांना बांबू हे गौण वनोपज समजावे असे पत्र लिहिले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या गावाने गिरणीच्या लीजला विरोध केला, तेच गाव आता बांबूचे विक्रेते झाले.

पुढे २०१७ मध्ये 'बांबू' हा शब्द वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून काढला गेला. त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण त्याचा फायदा कोणाला? ज्याच्या स्वतःच्या शेतात बांबू आहे त्याला. जंगलातला बांबू आजही वनोपजच आहे. ज्याच्याकडे शेत नाही, त्याच्यासाठी नव्वद वर्षांनंतरही गवताचे गवत झालेले नाही.

बुरुडांचे काय?

आता आपल्या माणसांकडे येऊ. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बुरुड ही जात आहे. सूप, टोपली, डाला, परडी ही त्यांची निर्मिती. ज्या सुपात गावाचे धान्य पाखडले गेले, ते सूप विणणाऱ्याला गावाने बाहेरच ठेवले. माझे बालपण ज्या वस्तीत गेले तिला लागूनच बुरुड आळी होती. बांबू चिरल्याचा तो करकर आवाज अजून कानात आहे. त्या आळीतले एक मामा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. म्हणाले, "वकीलसाहेब, कार्डावर बांबू लिहिलेला आहे, पण डेपोत येतो तो वाळलेला. वाळल्या बांबूची कांब निघत नाही, मोडते. आम्हाला हिरवा पाहिजे." नोंदणीकृत बुरुड कुटुंबांना सवलतीत बांबू देण्याची सरकारी योजना आहे. पण योजना करणाऱ्याला कांब कशी निघते हे माहीत नव्हते. गिरणीला बांबू हिरवा आला काय, वाळलेला आला काय, चिपरला फरक पडत नाही. बुरुडाला पडतो.

आज बांबूची मागणी वाढते आहे. आसाममध्ये गोलाघाट जिल्ह्यात बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. आपल्या राज्यातही उद्योग धोरण आले आहे. मागणी वाढली की भाव वाढेल आणि ग्रामसभांना पैसे मिळतील, हे चांगलेच आहे. पण बोली लावण्याच्या स्पर्धेत बुरुड कोठे उभा राहणार? एका बाजूला ट्रकांनी माल उचलणारा कंत्राटदार आणि दुसऱ्या बाजूला सायकलवर दहा बांबू नेणारा कारागीर. येथे आदिवासी विरुद्ध बुरुड असे भांडण लावून देणारेही निघतील. चळवळीने ते होऊ देता कामा नये. आदिवासी ग्रामसभेचा हक्क मान्य करूनच, तिच्याशी बसून, ठरावीक हिरवा बांबू बुरुड सहकारी संस्थांसाठी ठरलेल्या दराने राखून ठेवण्याचा करार करता येतो. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे.

फाटकाच्या आतला माणूस

गिरणीच्या आतही हाच प्रश्न आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना त्यांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली आणि १९४६ साली कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. रिकव्हरी बॉयलर रात्रंदिवस चालतो, तो विझवता येत नाही. पण माणसाला झोप लागते, हे त्या दुरुस्तीने मान्य केले.

आता लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. वाचायला बरे वाटते. पण 'मुख्य काम' कशाला म्हणायचे याच्या व्याख्येतून सफाई, पहारा, उपाहारगृह आणि माल चढवणे-उतरवणे ही कामे सर्वसाधारणपणे वगळली आहेत. कागद गिरणीत लाकूड उतरवल्याशिवाय पहिले यंत्र फिरत नाही. तरी ते मुख्य काम नाही! ही कामे आजवर कोणत्या जातींच्या वाट्याला आली, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. शिवाय कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी वीस कामगारांपासून लागू होत, त्या आता पन्नासपासून. म्हणजे एकोणपन्नास माणसांचा कंत्राटदार मोकळा.

माझ्याकडे एका कारखान्यातले गृहस्थ आले होते. सतरा वर्षे एकाच यार्डात काम, पण कागदोपत्री सहा कंत्राटदार. प्रत्येक वेळी नवी नेमणूक, नवा क्रमांक. सलग सेवेचा पुरावा मागितला तेव्हा त्यांच्याकडे होता तो फक्त खांद्यावरचा घट्टा.

गिरणी बुडाली तर काय होते तेही पाहा. बल्लारपूर इंडस्ट्रीज ही मूळ कंपनी जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. बल्लारपूरची गिरणी त्याआधीच तिच्या उपकंपनीकडे वर्ग झालेली होती. याच समूहाची तेलंगणातील कमलापुरम येथील लगदा गिरणी २०१४ मध्ये बंद पडली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ सांगते की कंपनी विकून पैसा आला तर कामगारांची मागील २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने द्यावी. ही चांगली तरतूद आहे. पण रांगेत उभे राहायला कामगार म्हणून नाव लागते. कंत्राटदाराच्या वहीतला माणूस आणि जंगलात बांबू तोडणारा माणूस त्या रांगेत दिसतच नाही.

कागद नाही म्हणून

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातींखेरीज 'इतर पारंपरिक वनवासी' हा वर्ग आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलगावांत राहणारे आपले बौद्ध, बुरुड आणि इतर बहुजन बांधव या वर्गात मोडतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. ज्यांना शाळेत बसू दिले नाही, ज्यांच्या नावावर जमीन होऊ दिली नाही, त्यांच्याकडून १९३० सालचा कागद मागितला जातो. तो नसला की दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ च्या आदेशात दावे फेटाळलेल्यांना हटवण्यास सांगितले होते. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. टांगती तलवार आहेच.

ज्यांच्या हातांनी तोडलेल्या बांबूचा कागद झाला, त्यांच्याच हाती स्वतःच्या नावाचा कागद नाही.

पण येथे कायदा आपल्या बाजूने आहे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. वनहक्क नियमांतील नियम १३ नुसार गावातील वृद्धांचे लेखी जबाब हा पुरावा आहे. जुनी घरे, बांध, विहिरी, स्मशानभूमी या खुणाही पुरावा म्हणून मांडता येतात. २०१२ मध्ये घातलेला नियम १२-अ सांगतो की उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीने एखाद्या विशिष्ट कागदाचाच आग्रह धरू नये. ७५ वर्षे वास्तव्य दाखवायचे आहे, त्याच जमिनीचा ७५ वर्षांचा ताबा नव्हे, असा खुलासा केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने केलेला आहे. तरीही 'कागद नाही' एवढेच लिहून दावे फेटाळले जातात आणि आपण ते मुकाट घरी घेऊन येतो.

म्हणून तीन कामे हाती घेतली पाहिजेत. एक, जंगलगावांतल्या वस्त्यांत जाऊन ऐंशी-नव्वदीतल्या आजी-आजोबांचे जबाब आत्ताच लिहून घ्यावेत, कारण हा पुरावा दरवर्षी कमी होत आहे. दोन, फेटाळलेल्या प्रत्येक दाव्याचा कारणांसह लेखी आदेश मागावा आणि मुदतीत अपील करावे. तीन, कंत्राटी कामगाराने हजेरी, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक यांची प्रत घरी ठेवावी. सतरा वर्षांनंतर तीच उपयोगी पडते.

गिरणी झाडाचा कण वाया जाऊ देत नाही. आपणही आपल्या म्हाताऱ्यांचा एक शब्द वाया जाऊ देऊ नये. तो कागदावर उतरवावा, त्यावर अंगठा घ्यावा आणि समितीच्या टेबलावर ठेवावा. लिहून घ्यायला एक वही आणि एक शिकलेला कार्यकर्ता पुरेसा आहे. प्रत्येक तालुक्यात तेवढे तरी आपल्याकडे आहेत.